ताटाच्या कडेला

नातू विचारतो, आजी, ससा लागतो कसा?
त्याच्या कॅमेऱ्यात सुप्याच्या माळावरचा एक आहे,
ऊन मागून आल्यानं कान लाल,
शिरा मोजता याव्यात इतका जवळ.

शिकारीची चव शिकाऱ्याला विचारू नये, निहार.
तो गोष्ट सांगत जेवतो.
जिनं सोललं, धुतलं, शेगडी फुंकली
तिला विचारावं.
ती आता नाही. मी तिच्याजवळ पाट्यावर वाटण वाटायचे,
तेव्हा मीच सांगते.

खडकीत, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये,
कायदा यायच्या आधीची वर्षं.
शनिवारी रात्री अण्णांची जावा निघायची,
मागे डिकॉस्टा, मांडीवर आडवी एकनळी,
दिवेघाट चढून सासवड, मोरगाव, कुठंतरी पुढं.
दिव्याच्या झोतात ससा पळत नाही,
उजेडाला भिंत समजून थांबतो.
यात कसली मर्दुमकी, असं आईनं एकदा विचारलं.
परत नाही विचारलं.

पहाटे ओट्यावर कापडी पिशवी, तळ ओला.
मांस काळपट,
चरबीचा टिपूस नाही.
जन्मभर पळालेलं जनावर मऊ कशाला असेल?
ती दही लावायची, कच्ची पपई किसून चोळायची,
सुकं खोबरं, दगडफूल, लवंग जरा जास्तच,
वासासाठी.
वासाबद्दल एकही शिकारी बोलत नाही बघ.

दुपारी पंगत. अण्णा, डिकॉस्टा, निकाळजे हवालदार,
कारखान्यातला फोरमन, त्याचा मेहुणा,
मेहुण्याच्या ओळखीचा एक.
सहा माणसं, एक ससा.
सोलल्यावर ससा केवढा उरतो?
माझ्या शाळेच्या पाटीवर मावेल एवढा.

मग मागच्या दारानं मला पिटाळायची
खडकी बाजारात, रहिमतुल्लाच्या दुकानी.
दीड किलो, मांडीचं दे म्हणावं, आणि बोलू नकोस कुणाला.
हंडी एकच.

"वहिनी, ही रानाची चव!
बाजारात जन्मात मिळायची नाही!"
बोकडाची नळी चोखत निकाळजे म्हणायचे.
डिकॉस्टा डोळे मिटून घ्यायचा.
आई पदर तोंडाशी धरून रस्सा वाढायची.
अण्णांना ठाऊक असावं,
महिन्याचा हिशोब तेच लिहायचे,
पण ते खाली मान घालून भाकरी कुस्करत राहायचे.

ज्याच्या दाताखाली छर्रा आला तो भाग्यवान.
टण्ण!
ताटाच्या कडेला काढून ठेवायचा, पदकासारखा.
पंगत उठली की आई ते वेचायची,
धुऊन ठेवायची,
आणि पुढच्या खेपेला परत हंडीत.
मोजून सहा.
पळीनं बरोबर एकेकाला एक.

आता खरं सांगते.
एकदा अण्णांनी मला सोबत नेलं होतं.
ज्वारी काढलेल्या रानात तित्तर पडला,
मी धावत जाऊन उचलला.
हातात आला तेव्हा गरम होता.
तिथंच धसकटं पेटवून भाजला,
कागदाच्या पुडीतलं मीठ,
बोटं चटके खाईपर्यंत.
तसं मी पुन्हा काही खाल्लं नाही.
खोटं का बोलू, आत्ता सांगतानाही तोंडाला पाणी सुटलं,
आणि हाताला ती ऊबही आठवते,
शिजायच्या आधीची.
दोन्ही एकदमच येतात. एक वेगळं काढायला गेले
तर दुसरं सोबत निघतं.

तू मान हलवतोस. तुला हो किंवा नाही हवं होतं.

आई गेली तेव्हा भावंडांनी पाटल्या घेतल्या,
मी मिसळणाचा डबा घेतला.
पहिल्याच दिवशी आमटीला फोडणी टाकली,
मोहरी तडतडली, सगळी,
एक दाणा सोडून.
किती वेळ उभी होते पळी धरून,
तेल धुरावलं,
तो तळाशी तसाच, काळा, गप्प.