उगवणक्षमता

पहिली चौकट नावाची.
दैवशाला खरात. इथपर्यंत काही अडचण नव्हती.

दहावी त्रेसष्ट.
बारावी एक्कावन्न, त्यात इंग्रजीला पस्तीस,
रडावं इतके कमी नाहीत,
सांगावे इतके जास्त नाहीत.
बी. कॉम.ला कॉस्टिंग दोनदा राहिलं.
मग अनुभव, महिन्यांत लिहा:
पुण्यात हेडफोन लावून सात,
एकही पॉलिसी विकली गेली नाही.
घरी सव्वा वर्ष, त्याला चौकट नाही.
जालन्यात, मोंढ्यात, मणियारशेठच्या बियाण्याच्या दुकानात
एकोणीस.

कारकिर्दीतला खंड स्पष्ट करा. दोनशे शब्द.

आधी लिहिलं, स्वतःचा शोध घेत होते.
खोडलं.
मग लिहिलं, वडिलांचं ऑपरेशन.
झालं होतं खरं, पण बावीस दिवसांचं.
बावीस दिवसांची गोधडी सव्वा वर्षावर ओढली
की पाय उघडे पडतात.
दुपारी दीडला उठायचे मी.
भाकर झाकलेली असायची.
आई काही बोलायची नाही,
ताट तेवढं जरा जोरात ठेवायची.
चौकट रिकामी सोडून पुढं गेले.

दुकानात माझ्याकडं तक्रारवही.
बी उगवलं नाही म्हणून येणारा माणूस
आधी पाणी मागतो, मग पावती शोधतो,
मग बराच वेळ रस्त्याकडं बघतो.
सोयाबीनच्या पिशवीवर छापलेलं असतं,
उगवण किमान सत्तर टक्के.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं.
सोयाबीनसुद्धा माझ्या पुढं.

नेतृत्वाचा एखादा प्रसंग सांगा.
एकदा बदनापूरकडच्या एका बाईंना
मी भलताच लॉट दिला. संध्याकाळी वहीत कळलं.
शेठ जेवायला गेलेले. फोन केला,
टेम्पो पाठवला, तीन पिशव्या परत आणल्या,
भाडं पगारातून कापून घ्या म्हणाले.
यात नेतृत्व कुठून दाखवू?
चूक मीच, धावाधाव मीच,
मागं चालणारं कोणी नव्हतं.

शिफारसपत्रं दोन.
कॉलेजच्या सरांनी विचारलं, कुठली बॅच?
आणि मजकूर न वाचता सही केली.
त्यात मी मेहनती, चौफेर, होतकरू आहे.
शेठनी लेटरहेड काढलं, वर श्री घातला,
आणि मराठीतच लिहिलं:
"मुलगी उशिरा येते. हिशोबात एकदा चुकली.
चूक झाकली नाही. गिऱ्हाइकाला खोटं सांगत नाही,
सांगायला लावलं तर चेहरा पडतो.
गेली तर माझी अडचण होईल."

अंबड चौफुलीच्या सेंटरवर स्कॅन केलं, दहा रुपये.
तिथला पोरगा वाचून म्हणाला,
ताई, हे तुमच्या बाजूनं आहे का?
म्हटलं, चढव.

मधल्या काळात एका जुन्या लॉटचे शंभर दाणे
ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते.
मुदतीच्या दिवशी मोजले. चौसष्ट.
वहीत चौसष्ट मांडलं, पोती बाजूला काढली.
दोन दिवसांनी गोणपाट धुवायला उलगडलं,
तर कडेला आणखी पाच,
वाकडे, पांढरे, मान खाली घातलेले.
शेठ म्हणाले, हे धरायचे नाहीत, मोजणी झाली.
बरोबरच आहे. नाही धरले.
गोणपाट मात्र त्या दिवशी धुतलं नाही.

आज शेवटची तारीख. फी कापली गेली,
पडद्यावर प्रलंबित एवढंच येतंय.
आतून आईचा आवाज, कामून जागी अजून?
मी पान वर सरकवत नेलं,
रिकाम्या चौकटीत बोट ठेवलं
आणि लिहिलं, झोपत होते.

खाली आपोआप आकडा आला:
दोन शब्द. एकशे अठ्ठ्याण्णव बाकी.