शून्य, रेघ आणि कोरी जागा

हर्णैला, बर्फाच्या कारखान्यावरची खोली.
खाली लाद्या फुटतात, वर मी डिस्कवर लिहितोय:
एक गीगाबाइट शून्यं,
परत एक गीगाबाइट शून्यं.
कुणी कधी वाचणार नाही असं लिखाण,
फक्त किती वेगात लिहून झालं
एवढं विचारायला.

हत्यार दुसऱ्या कुणी केलेलं, जुनं.
मोजतं चोख. पण सांगतं असं
की लिलावात दहा जण एकदम ओरडावेत:
११८.२७३६४५०९१३,
मग नुसतं ९७,
मग सेकंद, मग मध्येच मिलिसेकंद,
आणि तीन ओळी मोकळ्या सोडून
उगाच एक ‘झालं!!!’

सकाळपासून मी फक्त जागा मोजतोय.
दशांशानंतर दोन घरं पुरेत,
बाकीचे अंक खवल्यांसारखे खरवडून टाकले.
उद्गारचिन्हं काढली. एकक एकच ठेवलं, वर, मथळ्यात.
सत्त्याण्णवच्या पुढे एक जागा रिकामी सोडली,
शतकाच्या घरात कुणी राहत नाही
हे लांबून कळावं म्हणून.

नाव डावीकडे टेकतं, आकडा उजवीकडे:
हे मी कॉलेजात नाही शिकलो,
फरीदा मुकादमच्या वहीत बघितलं,
सोसायटीच्या काट्यावर.
होडीचं नाव, किलो. एककाखाली एकक.
‘वरून खाली नजर सोडायची,’ ती म्हणते,
‘चूक असली तर कुसळासारखी आपोआप डोळ्यात जाते.’

तीन वाजता वीज गेली.
सातवी फेरी अर्ध्यावर तुटली,
आणि हत्याराने तिथे लिहिलं: ०.००
रकान्यात अगदी नीट बसलेलं.
मला आवडलंही, खोटं कशाला बोलू.

वीज येईस्तोवर काट्यावर गेलो.
फरीदाच्या पानावर ‘भैरीप्रसाद’समोर ३४०,
एका होडीसमोर शून्य,
एकीसमोर आडवी रेघ,
आणि ‘सफीना’समोर काहीच नाही.

‘रेघ म्हणजे गेलीच नाही. इंजिन खोललंय.
शून्य म्हणजे जाऊन आली, जाळं कोरडं.’
आणि ही?
तिने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
‘शून्य घालायला पण होडी परत यावी लागते,’ म्हणाली.
‘काल संध्याकाळी यायची होती.’

वर येऊन मी तुटलेल्या फेरीपुढचं शून्य खोडलं.
तिथे रेघ घातली.
चालू असलेल्या फेरीला कोरी जागा.
सरासरी ९६.३४ होती, ती ११२.४० झाली,
कारण जे घडलंच नाही त्याने
मी इतका वेळ भागत बसलो होतो.
खाली एक ओळ वाढवली: सातपैकी सहा मोजल्या.

बदलाची नोंद लिहिली: ‘रकाने सरळ केले.’
तीन शब्द. खरे आहेत, पण पुरे नाहीत.
दुसरे सुचेनात.

सकाळी दूध आणायला निघालो तो
आधी काट्याकडेच वळलो.
फरीदा नव्हती. वही उघडी, वर दगड ठेवलेला.
‘सफीना’समोर शून्य होतं.
घाईत काढलेलं, थोडं डावीकडे सरकलेलं,
एककाच्या घराबाहेर.

रकाना चुकलाय,
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.