जोडसायकलीची मागची सीट

मार्च. खाडीतलं बर्फ अजून काठ सोडत नाही
आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर
जुलै पसरून बसलेय.
नकाशाच्या एका कोपऱ्यावर मिठाची बरणी,
दुसऱ्यावर मांजर.

एकोणीस वर्षं लोकांच्या सुट्ट्या आखतेय.
ओलांडची बेटं : नावच हुकूम सोडतं,
तशी एकेक ओलांडत जायची,
सहा दिवस, अकरा फेरीबोटी.
चढ फारसे नाहीत. समोरचा वारा मात्र
पाचवीलाच पुजलेला.

यंदा ग्रोशेरची शेवटची बोट
साडेचारऐवजी चार दहाला सुटणार.
वीसच मिनिटं. पण त्यांत
जेवण गेलं, दीपगृह गेलं,
चौथा दिवस पाचव्यावर कोसळला.
रूरिकला फोन लावला : एक रात्र आठजण ठेवशील?
बराच वेळ नुसता श्वास.
"आठ? माय्व्होर, हिवाळ्यात
अख्ख्या बेटावर आम्ही नऊ असतो."
मग म्हणाला, सॉना तापवून ठेवतो.

आठ माणसं, सायकली सात.
मला वाटलं, टायपिंगची चूक.
तर टाम्पेरेहून आर्मासचा फोन :
जोडसायकल आहे आमची. पुढे इर्मेली, मागे मी.
मला दिसत नाही.
तुमचा कागद तिनं वाचून दाखवला,
"उजवीकडे सुंदर दृश्य" नऊ वेळा आलंय.
रागावला नव्हता. फक्त मोजलं होतं.
म्हणाला, काय ऐकू येतं तेही लिहाल का?

लिहायला बसले. "शांतता" लिहिलं.
खोडलं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर डोळे मिटून उभी राहिले.
बोटवाला ओरडला, बरं वाटत नाही का गं?
तेव्हा कळलं, बोटीच्या आधी तार येते,
पाण्यातून वर उठते, ठिबकते, गुणगुणते.
तारेवरची कसरत रोज पाहत होते,
ऐकली नव्हती.

तीन शनिवार असेच गेले.

सातवा किलोमीटर : डांबर संपतं, खडी बोलायला लागते.
बारावा : मेंढ्या. घंटा एकीलाच आहे.
एकविसावा : पूल. डावीकडचं पाणी लव्हाळ्यांत कुजबुजतं,
उजवीकडचं खडकावर आपटतं. मधोमध थांबा.
चौतिसावा : मासे धुरावतात.
आधी वास, मग वळण. ब्रेकवर हात ठेवा
(म्हणजे इर्मेलीनं).
ग्रोशेर : रूरिक. बोलत नाही.
त्याचा डावा बूट करकरतो, त्यावरून ओळखा.

नऊपैकी आठ जागा भरल्या.
सत्ताविसाव्या किलोमीटरला, टेकाडावर,
जिथे सगळे फोटो काढतात,
मी दहा मिनिटं कान देऊन उभी होते.
शेवटी पेन्सिलीनंच लिहिलं :
इथे मला काही ऐकू आलं नाही.
तुम्हाला आलं तर कळवा.

मांजर उठलं.
जुलै आपोआप गुंडाळला गेला.