आधी कुठलं पान गेलं

शार्दूलचा फोन रात्री साडेदहाला:
"मावशी, एका झाडाची पानं पिवळी पडतायत."
कुठलं झाड? तर म्हणे, "असंच. घरातलं."
शिवाजीनगरला माती तपासण्यात एकतीस वर्षं घालवली,
'असंच' नावाचं झाड काही कधी आलं नाही टेबलावर.

दुसऱ्या दिवशी वाकड. अकरावा मजला.
त्यानं कपड्यांच्या कपाटाचं दार उघडलं
आणि जांभळा उजेड सांडला फरशीवर.
हँगरच्या दांडीला दिवा, कोपऱ्यात कॉम्प्युटरचा पंखा,
इस्त्रीचे शर्ट पलंगावर हद्दपार.
मधोमध ती. सात बोटांचं पान.
मी नाव घेतलं नाही, त्यानंही नाही.
(आमच्याकडे महाशिवरात्रीला दाजीकाका
ते नाव चांगलं मोठ्यानं घ्यायचे. असो.)

चष्मा पुसला, भिंग काढलं.
आधी पानामागे कोळी आहे का बघितलं, नव्हता.
मग नेहमीचा प्रश्न:
आधी कुठलं पान गेलं, खालचं की शेंड्याचं?
नत्र, मॅग्नेशियम ही फिरती मंडळी,
टंचाई आली की झाड त्यांना जुन्या पानांतून उपसतं
आणि नव्याकडे धाडतं.
लोह हटवादी. बसलं तिथंच बसतं,
मग उपाशी राहतो तो शेंडा.

"खालचं," तो म्हणाला. मग, "नाही, मधलं. आता सगळीच."

शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा,
खाऊन झालेल्या माशाचा काटा ताटात उरावा तसं पान.
पण टोकं करपलेली.
उपासमार आणि अजीर्ण
एकाच पानावर.

"काय काय घालतोस?"
पलंगाखालून पाच बाटल्या निघाल्या,
एकीवर वाघ, एकीवर ज्वालामुखी.
"पिवळं दिसलं की हिरवी. करपलं की लाल."
कुंडीच्या काठावर क्षारांची पांढरी साय धरलेली.
पाणी? टँकरचं.
कागदाची पट्टी बुडवली, निळी झाली, वाटलंच होतं.

"कमी काहीच नाहीये, शार्दूल.
मातीत सगळं आहे, नको तितकं आहे.
मुळांना घेता येत नाहीये.
ताट वाढलंय आणि दातखीळ बसलीय."

तो काही बोलला नाही.
मी म्हटलं, ट्यूब लाव,
या जांभळ्यात कुणाचाच रंग खरा दिसत नाही.
त्यानं लावली.
झाडाकडे बघायचं ते मी त्याच्याकडे बघितलं.
दाराशी तीन डबे, पिशवीची गाठ न सोडलेले.
खिळ्याला ऑफिसचं ओळखपत्र, फोटोवर धूळ.
"कधीपासून?"
"पंधरा दिवस झाले पानांना."
"पानांचं नाही विचारत."
पंखा फिरत राहिला कपाटातला.
"मार्चपासून," तो म्हणाला.

पाचही बाटल्या माझ्या पिशवीत.
नुसतं पाणी दे, रात्रभर ठेवलेलं, चार थेंब लिंबू पिळून,
कुंडीच्या बुडातून वाहून जाईपर्यंत दे.
मग आठवडाभर हात लावायचा नाही.
पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही,
त्याच्यावर डोळे लावून बसू नकोस,
नवं फुटेल ते बघ.
आणि या कपाटाचं काय करायचं ते तू ठरव,
येरवड्याला डबा पोचवायला मला दोन बसा बदलाव्या लागतील.
तेव्हा तो हसला, अर्धवट, एका गालानं.

एक डबा सोडला. भेंडी, आंबलेली. टाकली.
दुसऱ्यातला वरणभात बरा होता, गरम केला,
तो खाईपर्यंत समोर बसले
आणि भिंगाची काच उगाच पुसत राहिले.

परतीच्या बसमध्ये बोटांना तो वास.
शेजारची बाई जरा हुंगून म्हणाली,
"कसला हो, मरवा?"
"नाही," म्हटलं, "भाच्याकडून येतेय."