पट्टा

कुपवाडच्या शेडमध्ये लेथचा पट्टा तुटला
की आण्णा तो शिवायचे
दाभणानं, मेणदोऱ्यानं,
आणि पुन्हा चढवायचे पुलीवर.
दुसरा पट्टा कपाटात होता,
पंच्याण्णव वर्षांचा, चौऱ्याहत्तर सालचा,
हिरव्या कागदावर टंकलेला.
तो शिवता येत नाही.

'तुम्ही जागा विकत नाही,' कुंभोजकर वकीलबाई म्हणाल्या,
'जागा महामंडळाची. तुम्ही विकताय
उरलेली चव्वेचाळीस वर्षं
आणि वरचा पत्रा.'
मी मान हलवली.
आम्ही 'आपला प्लॉट' म्हणत आलो एवढे दिवस,
माझ्या लग्नपत्रिकेवरसुद्धा तोच पत्ता.

घेणारे फारूक शिकलगार.
त्यांची बँक म्हणाली, मुदत तीसच्या खाली असती
तर फाईल उघडलीच नसती.
फारूकभाईंनी बोटं मोजली.
'संपंल तवा मी एक्याऐंशीचा.
पुढं वाढवून देत्यात न्हवं?'
बाईंनी कलम वाचलं:
मुदतीअखेर नूतनीकरण करता येईल.
मग चष्मा काढून म्हणाल्या,
'येईल, असं लिहिलंय. होईल, असं नाही.
आणि कुठल्या दरानं, ते तर नाहीच.'
फारूकभाईंनी ते दोन शब्द
बोल्टाचे आटे तपासावेत तसे
बराच वेळ फिरवून पाहिले.

आणखी होतं त्या कागदात.
जमिनीखाली जे सापडेल ते देणाराचं.
घेणाऱ्यास निर्वेध उपभोगाचा हक्क.
(साठ टनी प्रेस दिवसभर धडधडायचा,
त्यालाच निर्वेध म्हणत असावेत.)
दरसाल भुईभाडं, रुपया एक.

तो रुपया भरायला आण्णा सायकलवरून जायचे.
क्लार्क वैतागायचा, 'मगदूम, दहा वर्षांचं एकदम भरा की.'
'नको. वर्षातनं एकदा मालकाला तोंड दाखवावं.'
पावत्या श्रीखंडाच्या डब्यात, सालवार, रबर लावून.
ना-हरकतीसाठी त्या मांडल्या
तेव्हा एक कमी निघाली.
दोन हजार पाच.
रुपयाची थकबाकी, त्यावर व्याज, त्यावर दंड,
आणि हे कळवणारं पत्र रजिस्टर्ड पोस्टानं.

दोन हजार पाच.
कृष्णेचं पाणी मगरमच्छ कॉलनीत शिरलं
आणि चौदा कुटुंबं आमच्या शेडमध्ये आली.
आण्णांनी लेथवर ताडपत्री टाकली,
प्रेसचा फ्यूज काढून खिशात ठेवला.
कास्टिंगच्या ढिगावर चादरी वाळत होत्या.
पाचव्या रात्री मिलिंगच्या मागं
एक बाई बाळंत झाली,
आईनं गरम पाणी दिलं क्वेंचिंगच्या टाकीतून,
आधी तीनदा घासून घेतलेल्या.
एकोणीस दिवस एकही नट कापला नाही.
रुपया राहिला.

प्रतिज्ञापत्रात आता रकाना आहे:
मंजूर औद्योगिक वापराव्यतिरिक्त
सदर जागेचा अन्य वापर कधी झाला आहे काय?
मी पेन उचललं. तोंड उघडणार
एवढ्यात बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, 'नाही लिहा.'
'पण बाई...'
'कागदाला पूर ठाऊक नसतो. नाही लिहा.'
मी लिहिलं, नाही.
खाली सही केली, सत्यप्रतिज्ञेवर,
आण्णांच्या नावापुढं कैलासवासी असताना.

सबरजिस्ट्रारकडं अंगठा, फोटो, पुन्हा अंगठा,
मशीनला माझ्या रेषा सापडेनात.
'ग्रीसच्या घरातल्या हायसा,' फारूकभाई हसले.
हस्तांतरण शुल्क त्यांनी भरलं, मुद्रांकही,
ठरल्याप्रमाणं दंड मी.

बाहेर वडाप रिक्षांचा कालवा चालला होता.
मी किल्ल्या दिल्या, बोअरची चावी वेगळी दाखवली,
आणि डबा.
त्यांनी तो उघडला, रबर ताणून पाहिलं,
ते पटकन तुटलं. जुनं झालेलं.
'रुपया कुठं भरायचा?'
'ऑनलाईन होतो आता.'
'न्हाई,' ते म्हणाले, 'हापिस कुठं हाय ते सांगा.'