मापाची वही

डिचोलीच्या बाजारात, मासळी मार्केटच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान. एक मशीन, एक बाक
आणि निळ्या पुठ्ठ्याची ही वही.
सोयरू मळीक आमदाराचं चरित्र अजून कुणी लिहिलं नाही.
माझ्याकडे आकडे आहेत.

पान सत्तावीस.
गळा साडेचौदा, छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, खांदा सतरा.
तेव्हा खाणीच्या काट्यावर कारकून होता.
ट्रक भरलेला किती, रिकामा किती,
मधला फरक कुणाच्या घरी जातो, त्याला पाठ.
अपक्ष उभा राहिला. निशाणी मिळाली शिलाई मशीन.
हसत आला, "बाब, तुझ्या पोटावर उभा राहतोय मी."
सदरा उधारीवर शिवला.
एकसष्ट मतांनी पडला.
तिसऱ्या दिवशी पैसे घेऊन हजर,
चपला तांबड्या, पापण्यासुद्धा तांबड्या,
वरचे आठ आणे मी नको म्हणत असताना
बाकावर ठेवून गेला.

पान त्रेसष्ट. कंबर तीस.
निवडून आला होता. बाहेर फटाके,
गुलालाचे हात माझ्या पांढऱ्या ताग्याला लागू नयेत
म्हणून मी दार अर्धं ओढून घेतलेलं.
म्हणाला, आत एक खिसा कर, लांब, नऊ इंची.
कशाला?
लोकांच्या अर्जांना.
नळ, दाखला, बदली, मुंडकाराच्या घराचा कागद.
असा खिसा मी आधी कुणाला केला नव्हता.

पुढच्या निवडणुकीआधी
देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं त्यानं,
पक्ष सोडणार नाही म्हणून.
मी मागे उभा होतो, अंगावर माझाच सदरा ओळखत.
चवथीच्या आधी रात्री अकराला त्याचा ड्रायव्हर आला.
साहेब समुद्राकडच्या हॉटेलात आहेत, आणखी सात जण आहेत,
फोन बंद आहेत.
उद्या दहाला शपथ. माप नाही. अंदाजानं शीव,
गळ्याला दोन बोटं सैल ठेव.
त्या रात्रीच्या नोंदीत नुसतं लिहिलंय: अंदाज.
टीव्हीवर पाहिलं. बरोबर बसला होता.
उपरणं वेगळ्या रंगाचं.

मंत्री झाल्यावर
जुने सदरे कडा उसवायला येऊ लागले.
एकाच्या आतल्या खिशात कागद होता, चार घड्यांचा,
धुऊन धुऊन मऊ झालेला.
आवडू गावस, लाटंबार्से. नळाबद्दल.
शाळकरी अक्षर, खाली अंगठा.
मी त्यावर इस्त्री फिरवली आणि परत ठेवला.
पुढच्या वर्षी तोच सदरा आला.
तोच कागद.

मग खाणी बंद पडल्या.
ट्रक प्लास्टिक पांघरून माळावर उभे राहिले,
ट्रकवाल्यांची पोरं लग्नाला तयार शर्ट घेऊ लागली.
मळीकांचे कपडे पणजीत कुणीतरी शिवायचा.
चार वर्षं, दोन पक्ष.
माझ्या वहीत काही नाही.

पडला तेव्हा चौदाशे मतांनी.
काही दिवस बाजारात लोक त्याला पाहून
भाव जरा मोठ्यानं विचारायचे.

परवा चालत आला. ड्रायव्हर नाही.
आवडू गेली का रे, विचारलं त्यानं. कुठून आठवलं कोण जाणे.
गेली, म्हटलं. सुनेकडे नळ आहे आता.
मान हलवली त्यानं, जणू त्यानंच लावला.
कदाचित लावलाही असेल.

हात पसरून उभा राहिला आरशासमोर.
छाती चाळीस. कंबर एक्केचाळीस, मागच्यापेक्षा कमी.
गळ्याची कातडी सैल, टेप खाली घसरते.
खांदा सतरा. सत्तावीस नंबरच्या पानापासून
खांदा सतराच.
हे सांगावंसं वाटलं,
पण तोंडात टाचण्या होत्या.

"या खेपेला परत अपक्ष," तो आरशात बघत म्हणाला.
"मत देशील मरे?"
मी हूं म्हटलं.
त्यानं ते मोजून घेतलं.