धक्का

पुस्तक इंग्रजीत आहे, मी समजावते मराठीत,
आणि मराठीत दोघांना एकच शब्द:
बोट जिथे लागते तो धक्का,
लागताना बसतो तोही धक्का.
मागच्या बाकावरून आग्नेल म्हणाला,
म्हणजे टीचर, धक्क्याला धक्का लागू नये म्हणून टायर.
बस, इतकंच. धडा तिथेच संपला असता.

पण अभ्यासक्रमात गणित आहे.
संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग,
आणि तो शून्यावर आणायचा तर मोजावी लागते किंमत:
बल गुणिले काळ.
एकरकमी द्या, नाहीतर हप्त्यांनी.
मी ओढणीच्या झोळात एक अंडं झेलून दाखवलं,
दुसरं फरशीवर सोडलं.
शिपाई दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

दिवाडीच्या फेरीवर दोर इनासच्या हातात असतो.
कडेला ट्रकचे टायर, साखळ्यांनी टांगलेले,
घाटरस्ते विसरलेले, अंगावर कालवं धरलेले;
बोट टेकली की म्हाताऱ्यांसारखे कण्हतात.
इनास खुंट्याला दोराचे दोन वेढे घालतो
आणि मग, हे खरं पाहण्यासारखं,
लगेच आवळत नाही.
सरकू देतो. वीतभर, मग हातभर,
दोराला करपल्याचा वास येईस्तोवर.
‘सवकास, बाय,’ एकदा म्हणाला होता,
‘बोट थांबोवची न्हय, थांबूंक दिवची.’
त्याचा उजवा खांदा वर जात नाही.
विसाव्या वर्षी दोर ताठ धरला होता, एकदाच.

फोन माझ्याकडे आला, कारण कंपनीच्या फॉर्मवर
इंग्रजी कळणारं माणूस म्हणून माझा नंबर.
फॉर्म मीच भरलेला.
रोमाल्द, त्याचा मुलगा, टँकरवर फिटर
होता, असं ती बाई म्हणाली, साध्या भूतकाळात,
आणि मी पेपर तपासत होते म्हणून
कुणाच्या तरी उत्तरपत्रिकेच्या समासात
लाल शाईने वेळ लिहून घेतली.

सहाच्या फेरीत चढले. सात मिनिटांचं पाणी.
पहिल्या खेपेला विचारलं,
रोमाल्दचा फोन आला होता का एवढ्यात?
पलीकडे उतरले नाही.
परतताना म्हणाले, जहाजावर काहीतरी बिघडलंय म्हणे.
इनास दोर गुंडाळत राहिला.
तिसऱ्या खेपेला: दवाखान्यात नेलंय.
हे खोटं होतं. त्याला कुणी कुठेच नेलं नव्हतं.
खारफुटीत बगळे उतरत होते,
पोदेराच्या सायकलवरची टोपली रिकामी,
एक मुलगा फुटबॉल छातीवर झेलून
पायापाशी आणत होता, अलगद, पुन्हा पुन्हा,
आणि माझ्या डोळ्यांपुढे फळ्यावरचा आलेख:
एक उंच टोकदार सुळका,
शेजारी बुटकी, पसरट टेकडी.
दोहोंखालचं क्षेत्रफळ तेवढंच.
दर वर्षी मी रेघोट्या मारून भरते ते.
खडू सारखाच झिजतो.

चौथ्या खेपेला मी तोंड उघडलं,
तर तोच म्हणाला, मराठीत,
जसा तो फक्त ऑफिसातल्या माणसांशी बोलतो,
‘बाई, किती सोडणार दोर?
बांधा आता.’

बांधला.

टायर कण्हले. फळी खाली गेली,
सायकली उतरल्या, मागून कुणी हॉर्न दिला.
इनासने खुंट्यावर वेढा घातला, डाव्या हाताने,
उजवा पोटाशी धरून.
मग आणखी एक. मग आणखी एक,
जितके कधीच लागत नाहीत तितके.
एंजिन चालूच होतं.
बोट थांबलेली दिसत होती,
आणि अजून लोटत होती धक्क्याला.